वाचकांचे प्रश्न : वेशीची भिंत फोडणारा न्यायाधीश

लाइपझिगच्या लढाईत प्रशिया हे जर्मन राज्य, रशिया आणि त्यांचे मित्र नेपोलियनच्या फ्रेंच फौजेशी लढले. तिच्यावरील गेल्या अंकातल्या टिपणात एक ओळ होती : १९ ऑक्टोबर १८१३ रोजी फ्रेंचांच्या ताब्यातल्या शहराच्या पूर्व वेशीतून आत घुसलेल्या प्रशियन बटालियनचा मेजर पेशाने न्यायाधीश होता. त्या एका ओळीवर इतकी पत्रे आली की हे सदर या वेळी त्यालाच दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (सातारा) : हा न्यायाधीश कोण? आणि कोर्टातला माणूस एकदम बटालियनचा प्रमुख कसा झाला?

त्याचे नाव कार्ल फ्रीडरिष फ्रिकत्सिउस. जन्म २८ जुलै १७७९, प्रशियातल्या स्टेंडाल गावी. मृत्यू ७ नोव्हेंबर १८५६, बर्लिनमध्ये. १८१३ साली तो पूर्व प्रशियाची राजधानी क्योनिग्जबेर्ग इथल्या वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीश होता. हे शहर आज रशियात आहे आणि त्याचे नाव कालिनिनग्राद.

तो मेजर कसा झाला हे समजायला त्या वर्षीची अडचण आधी लक्षात घ्यावी लागते. १८०६ मध्ये नेपोलियनने प्रशियाचा धुव्वा उडवला. पुढच्या तहानुसार प्रशियाला ४२,००० पेक्षा जास्त सैनिक ठेवायला मनाई झाली. डिसेंबर १८१२ मध्ये रशियातून फ्रेंच फौज मोडून परतू लागली, तेव्हा प्रशियन सेनापती यॉर्कने राजाला न विचारता रशियनांशी करार केला. तारीख होती ३० डिसेंबर. राजा दूर बर्लिनला, तेही फ्रेंचांच्या मुठीत. मग ५ फेब्रुवारी १८१३ रोजी क्योनिग्जबेर्गमध्ये प्रांतातले जमीनदार, शहरवासी आणि शेतकरी यांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी स्वतःच्या खर्चाने २०,००० माणसांची नागरी फौज उभी करायचे ठरवले. त्या फौजेचे नाव लांडवेर. या योजनेच्या मसुद्यावर माजी मंत्री डोना आणि युद्धशास्त्राचा अभ्यासक क्लाउझेविट्झ यांनी काम केले होते. पुढे १७ मार्चला राजाने सगळ्या राज्यासाठी लांडवेरचा हुकूम काढला.

राजाच्या हुकमानुसार भरती अशी चाले. प्रत्येक जिल्ह्यात एक समिती : दोन जमीनदार, एक शहरवासी, एक शेतकरी. तिने १७ ते ४० वयाच्या पुरुषांच्या याद्या करायच्या. आधी स्वखुशीने येणारे घ्यायचे, उरलेली संख्या चिठ्ठ्या टाकून भरायची. कॅप्टनपर्यंतच्या अधिकाऱ्यांची नावे समितीने सुचवायची, त्यावरचे अधिकारी राजाने नेमायचे. इथेच उत्तर आहे. प्रशिक्षित अधिकारी नियमित सैन्यालाच पुरत नव्हते, तेव्हा समित्यांपुढे माणसे येत ती गावात मान असलेली, शिकलेली, हुकूम द्यायची सवय असलेली. म्हणजे सरकारी अधिकारी, वकील, न्यायाधीश, व्यापारी. फ्रिकत्सिउसकडे क्योनिग्जबेर्गच्या बटालियनची धुरा आली. त्याच्या हाताखालचा एक कॅप्टन योहान बेन्यामिन मदर्बी हाही सरकारी नोकरीतला. त्याचे वडील क्योनिग्जबेर्गमधले इंग्रज व्यापारी आणि तत्त्वज्ञ कांटचे स्नेही. कांटच्या मृत्यूनंतर दरवर्षी त्याच्या वाढदिवशी जेवायला जमणारी मित्रमंडळी ज्याने १८०५ मध्ये एकत्र आणली तो डॉक्टर मदर्बी या कॅप्टनचा भाऊ. कॅप्टन मदर्बी लाइपझिगच्या वेशीवरच पडला.

प्रश्न (ठाणे) : एका जुन्या भाषांतरात फ्रिकत्सिउसला 'सैन्याचा महालेखापाल' म्हटले आहे. हे बरोबर आहे का?

नाही. ही चूक फार ठिकाणी दिसते, म्हणून स्पष्टच सांगतो. प्रशियन सैन्यात 'ऑडितोर' म्हणजे हिशेब तपासणारा नव्हे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ऐकणारा. हा ऐकतो ती साक्ष. ऑडितोर म्हणजे कायदा शिकलेला, रेजिमेंटला किंवा डिव्हिजनला जोडलेला लष्करी न्यायाधिकारी. त्या सगळ्यांचा प्रमुख तो 'गेनेराल-ऑडितोर'. फ्रिकत्सिउस युद्धानंतर या पदापर्यंत पोहोचला. यातल्या 'गेनेराल'चा अर्थ मुख्य, सेनापती नव्हे. त्यामुळे 'जनरल फ्रिकत्सिउस' हेही चूकच. मराठीत 'मुख्य लष्करी न्यायाधिकारी' म्हणावे.

दुसरी गल्लत लांडवेर आणि लांडश्टुर्म यांची. लांडवेर ही गणवेश, बटालियन आणि शिस्त असलेली, प्रांताबाहेर लढायला जाणारी फौज. लांडश्टुर्म म्हणजे २१ एप्रिल १८१३ च्या हुकमाने कल्पिलेली गावोगावची शेवटची फळी. शत्रू दारात आला तर उरलेल्या पुरुषांनी हाती येईल ते शस्त्र घेऊन त्याला सतावायचे. फ्रिकत्सिउसचा संबंध पहिलीशी.

प्रश्न (नागपूर) : मी फौजदारी वकील आहे. या ऑडितोरचे काम प्रत्यक्षात कसे चाले? आपल्याकडच्या कोर्ट मार्शलशी त्याचे काही साम्य?

साम्य आहे, आणि फरक त्याहून बोलका आहे. १८४५ मध्ये प्रशियाने लष्करी दंडसंहिता आणि लष्करी न्यायपद्धतीचा कायदा एकत्र आणला. तिथे पद्धत पक्की झाली, म्हणून तीच सांगतो.

तक्रार आली की ज्या सेनानीला न्यायाचा अधिकार आहे तो चौकशीचा हुकूम देतो. पोलीस नाही, सरकारी वकील नाही. ऑडितोर स्वतः आरोपीची आणि साक्षीदारांची जबानी घेतो आणि कागदावर उतरवतो. आरोपीविरुद्धचा पुरावा त्यानेच जमवायचा आणि त्याच्या बाजूचाही त्यानेच. चौकशी संपली की फाइल बंद होते. मग न्यायमंडळ बसते. गंभीर गुन्ह्यांसाठी मोठे, किरकोळ गुन्ह्यांसाठी छोटे. ऑडितोर फाइलचा सारांश वाचतो, कोणते कलम लागते ते सांगतो आणि शिक्षा सुचवतो. पण मत देत नाही.

मत देतात ते सैनिक न्यायाधीश, आणि तेही दर्जावार. आरोपी साधा शिपाई असेल तर मंडळात शिपाई, हवालदार, लेफ्टनंट, कॅप्टन असे गट बसतात आणि वर अध्यक्ष म्हणून मोठा अधिकारी. प्रत्येक गटाने आपसात ठरवून एकच मत द्यायचे. मतदान सर्वांत खालच्या दर्जाकडून सुरू होते. कारण उघड आहे : कर्नलने आधी तोंड उघडले तर शिपाई त्याच्याविरुद्ध बोलणार नाही. शेवटी निकालाला वरिष्ठ सेनानीची, आणि अधिकाऱ्यांच्या खटल्यात राजाची, मंजुरी लागते. मंजुरीपर्यंत निकाल हा निकाल नसतो.

आता आपल्याकडे पाहा. आर्मी ॲक्ट १९५० प्रमाणे जनरल कोर्ट मार्शलला किमान पाच अधिकारी लागतात. मत कनिष्ठ सदस्यापासून घेतले जाते. मंडळाला कायद्याचा सल्ला देणाऱ्या जज ॲडव्होकेटला मत नाही. आणि निकालाला मंजुरी लागते. ही चारही सूत्रे ओळखीची वाटतील. पण आपल्या मंडळात शिपाई बसत नाही, प्रशियाच्या मंडळात बसत असे. उलट आपल्याकडे साक्षीदार समोर उभा करून त्याची उलटतपासणी होते. तिथे सगळे कागदावर.

त्या पद्धतीची खरी दुखरी जागा तीच होती. चौकशी करणारा, आरोप मांडणारा, आरोपीची बाजू पाहणारा आणि कायद्याचा सल्ला देणारा माणूस एकच. त्याने जबानी घेताना एखादा प्रश्न विचारलाच नाही, तर न्यायमंडळाला तो सुचायला वावच नसे. त्यांच्यासमोर साक्षीदार नव्हताच, फाइल होती. ऑडितोर कितीही प्रामाणिक असो, त्याच्या नजरेतून निसटले ते कायमचे निसटले. तोंडी आणि खुली सुनावणी सबंध जर्मन सैन्यात आली ती १८९८ च्या कायद्याने, अंमल १ ऑक्टोबर १९०० पासून. म्हणजे १८४५ ची न्यायपद्धती पंचावन्न वर्षे टिकली.

प्रश्न (कोल्हापूर) : त्या काळी सैनिकांना फटके मारत असत ना? मग शेतकरी आणि व्यापारी अशा फौजेत जायला तयार कसे झाले?

अगदी नेमका प्रश्न. १८०६ पर्यंतच्या प्रशियन सैन्यात आरोपीला उघड्या पाठीने दुतर्फा उभ्या शिपायांच्या रांगांमधून चालवत आणि प्रत्येकजण छडी मारी. अशा सैन्यात कुणी आपला मुलगा राजीखुशीने धाडणार नाही, हे सुधारकांनी ओळखले. ३ ऑगस्ट १८०८ च्या नियमांनी ही शिक्षा आणि सरसकट काठी बंद झाली. आधी त्याच वर्षी या सुधारकांपैकी एक, सेनाधिकारी ग्नाइझेनाउ याने पाठीच्या स्वातंत्र्यावर जाहीर लेख लिहिला होता. लांडवेर उभी राहिली ती यानंतर पाच वर्षांनी, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे : आधी पाठ मोकळी झाली, मग नागरिक रांगेत आला.

पण बंदी पूर्ण नव्हती. शिपायाला न्यायमंडळाच्या निकालाने 'दुसऱ्या वर्गात' टाकता येई, आणि त्या वर्गातल्याला काठीची शिक्षा देता येई. ही फट १८४८ मध्ये बुजली. लष्करी कायदे गोळा करून त्यांचे अनेक भागांचे संकलन करणारा आणि १८४८ मध्येच जर्मन, विशेषतः प्रशियन युद्धकायद्याचा इतिहास छापणारा माणूस म्हणजे आपला फ्रिकत्सिउस. ज्याने बटालियनमध्ये शहरातली माणसे हाताखाली वागवली होती, त्याने हे काम करावे यात मला त्याच्या आयुष्याचा धागा दिसतो. वेशीवरच्या पराक्रमाची चित्रे निघाली. या संकलनाचे चित्र कोण काढणार? पण शिपायाच्या रोजच्या जगण्याला भिडले ते हे काम.

जाता जाता : शांततेत नोकरीधंदा करून गरजेला गणवेश चढवणारी आपली फौज म्हणजे टेरिटोरियल आर्मी. मराठा लाइट इन्फन्ट्रीची १०९ वी टेरिटोरियल बटालियन तुमच्या कोल्हापूरचीच. मोठा फरक एकच : आपल्याकडे ती सर्वस्वी ऐच्छिक आहे, लांडवेरमध्ये चिठ्ठी निघाली की जावेच लागे.

प्रश्न (बेळगाव) : वेशीची भिंत बंदुकीच्या दस्त्यांनी फोडली असे टिपणात होते. सुरुंग किंवा तोफ का नाही वापरली? दस्त्याने भिंत फुटते?

दगडी तटबंदी असती तर फुटली नसती. लाइपझिगला दोन ग्रिमा वेशी होत्या. आतली जुन्या शहराची, बाहेरची पूर्वेच्या उपनगराच्या टोकाला. लढाई झाली ती बाहेरच्या वेशीवर. तिच्या दोन्ही बाजूंना होत्या त्या बागांच्या आणि घरांच्या भिंती. तोफांचा मारा सोसायला बांधलेल्या नव्हेत. दरवाजा आतून अडसर आणि सामान लावून पक्का केलेला. भिंतींना बंदुकीसाठी भोके पाडलेली, वरून घरांच्या खिडक्यांतून मारा. अशा ठिकाणी वेशीसमोर उभे राहणे म्हणजे मरणे. सुरुंगाला वेळ आणि दारूची पिंपे लागतात. तोफ पुढे आणायची तर तोफची आणि घोडे त्याच खिडक्यांच्या टप्प्यात. भिंतीला अगदी चिकटलेला माणूस मात्र भोकातून मारणाऱ्याला दिसत नाही. म्हणून भिंतीला भिडून, दरवाजाशेजारचा कच्चा भाग दस्त्यांनी ठोकून, माणूस जाईल एवढे खिंडार पाडले आणि एकेक करून आत शिरले. फ्रिकत्सिउस पहिल्यांत होता. डिव्हिजनचा प्रमुख, हेसेन-होम्बुर्गचा राजपुत्र लुडविग, याच हल्ल्यात जखमी झाला.

दस्ता हे लांडवेरचे सवयीचे हत्यार झाले होते, त्याचे कारण बंदुकीत आहे. चकमकीच्या दगडाच्या ठिणगीने पेटणाऱ्या बंदुकीची ठासणी अशी : कागदी काडतूस दातांनी फोडायचे, थोडी दारू (हीच रंजक) नळीच्या छिद्राजवळच्या वाटीत ओतून झाकण लावायचे, उरलेली दारू नळीत ओतायची, वर गोळी आणि कागद, गजाने ठासायचे, घोडा चढवायचा, चाप ओढायचा. पाऊस आला की वाटीतली रंजक ओली होऊन तिचा चिखल होतो. ठिणगी पडते, बार होत नाही. २७ ऑगस्ट १८१३ रोजी हागेलबेर्गला नेमके हेच झाले आणि लांडवेरच्या माणसांनी बंदुका उलट्या धरून दस्त्यांनी हातघाईची लढाई केली.

कोरड्या दिवशीही दोन गोष्टी नडत. चकमकीचा दगड काही डझन बारांत बोथटतो आणि बदलावा लागतो. नवख्या शिपायाला तो नीट पकडीत बसवता येत नसे. आणि बंदुका जमतील तशा आलेल्या : जुन्या प्रशियन, ब्रिटिशांनी पाठवलेल्या, फ्रेंचांकडून जिंकलेल्या. फ्रेंच नळीचा व्यास साधारण १७.५ मिलिमीटर, आणि ब्रिटिश काडतुसातली गोळीच जवळजवळ तेवढी. कागदासकट ती फ्रेंच नळीत उतरतच नाही. उलट फ्रेंच गोळी ब्रिटिश नळीत खुळखुळते आणि नेम जातो. काडतुसांची पेटी चुकीच्या कंपनीकडे गेली की कंपनी हात चोळत बसणार. अगदी सुरुवातीला तर पहिल्या रांगेला बंदुकाच नव्हत्या, भाले होते.

प्रश्न (पुणे) : मी छोट्या आकाराचे सैनिक रंगवतो. पूर्व प्रशियाच्या लांडवेरचे रंग कोणते?

अंगात गुडघ्याला येणारा निळा कोट. त्याला लितेवका म्हणत. कॉलर भडक तांबडी, बटणे पांढरी. बटणांकडे लक्ष द्या : ब्रांडेनबुर्गच्या लांडवेरचीही कॉलर तांबडीच, पण बटणे पिवळी. इथे रंगवणारे हमखास फसतात. पश्चिम प्रशियाची कॉलर काळी, पोमेरानियाची पांढरी, सायलेशियाची पिवळी. डोक्यावर पुढे झाप असलेली कापडी टोपी आणि तिच्यावर पांढऱ्या धातूचा क्रॉस. क्रॉसवर 'देवाच्या साथीने राजा आणि मायभूमीसाठी' अशा अर्थाची अक्षरे. एवढ्या लहान आकारात ती काढू नका, क्रॉस नुसता उजळ ठेवा.

सगळ्या आकृत्या एकसारख्या, इस्त्रीच्या रंगवल्या तर ती लांडवेर वाटणार नाही. कापड गावोगावी घाईने विणलेले आणि आधी भिजवून आटवलेले नव्हते. ऑगस्टच्या पावसात ते आटले आणि बाह्या मनगटाच्या वर गेल्या. निळ्याच्या दोन-तीन छटा वापरा. पाठीवर कातडी पिशवीऐवजी बऱ्याच जणांना खांद्यावरून आडवी तागाची झोळी द्या. काहींच्या पायांत बूट ठेवू नका. चिखलात रुतलेले बूट तिथेच राहत आणि माणसे अनवाणी चालत.

प्रश्न (लाइपझिग, शिक्षणासाठी राहणारी वाचक) : इथे या घटनेची काही खूण आहे का?

आहे. लढाईला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १८६३ मध्ये, फ्रिकत्सिउस आणि त्याच्या बटालियनचे स्मारक उभारले गेले. मात्र ते जुन्या शहरातल्या ग्रिमा रस्त्याच्या टोकाला शोधू नका. तो रस्ता आतल्या वेशीकडे जातो. औगुस्टुसप्लाट्झ हा चौक ओलांडून पूर्वेला ड्रेस्डेनच्या दिशेने चालत जा. बाहेरची वेस त्या बाजूला होती. आता तिथे वेशीचा मागमूस नाही, म्हणून नकाशावर स्मारकाचे नाव आधी पाहून ठेवा.

एक दिवस हाती असेल तर शहराभोवतीचे आपेलचे दगडही पाहा. थिओडोर आपेल याने १८६१ ते १८६४ या काळात स्वतःच्या खर्चाने रणांगणावर चाळीसहून अधिक खुणेचे दगड बसवले. 'एन' असेल तिथे नेपोलियनची फौज होती, 'व्ही' असेल तिथे त्याच्या विरोधातली. दगडावर सेनापतीचे नाव, तारीख आणि फौजेचा आकडा कोरलेला असतो. १९ तारखेचे दगड शोधत गेलात तर हल्ला शहराकडे कसा सरकला ते पायाखालीच कळते.

प्रश्न (बर्लिन) : सासरकडचे एक पूर्वज प्रशियन सैन्यात ऑडितोर होते असे घरात सांगतात. खात्री कशी करावी?

आधी एक वाईट बातमी पचवा. प्रशियन सैन्याचे दप्तर पोट्सडाममध्ये होते आणि १४ एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात त्याचा फार मोठा भाग जळाला. त्यामुळे 'सेवापुस्तक कुठे मिळेल' या प्रश्नाने सुरुवात केलीत तर पहिल्याच पायरीला अडाल.

सुरुवात छापील साधनांपासून करा. प्रशियन सैन्याच्या अधिकाऱ्यांच्या दर्जायाद्या वेळोवेळी छापल्या जात. मोठ्या ग्रंथालयांत त्या आहेत आणि बऱ्याच आता संगणकावरही वाचता येतात. ऑडितोर हे कायद्याचे अधिकारी असल्याने त्यांची नावे कॅप्टन-मेजरांच्या रांगेत सापडत नाहीत. रेजिमेंटच्या शेवटी किंवा वेगळ्या विभागात पाहा. नाव आणि वर्ष हाती आले की लष्करी चर्चच्या नोंदवह्या. लग्न, बाप्तिस्मा आणि मृत्यूच्या नोंदीत पुरुषाचा हुद्दा लिहिलेला असतो. मुलकी न्यायखात्यातही नोकरी झाली असेल, आणि फ्रिकत्सिउससारख्यांची झालेली होतीच, तर बर्लिन-डालेम इथल्या प्रशियाच्या गुप्त राज्य अभिलेखागारात नावाने विचारणा करा. न्यायखात्याचे कागद पोट्सडामच्या त्या इमारतीत नव्हते.

कागद हाती आला की लिपी अडवेल. त्या काळचे जर्मन हस्ताक्षर वेगळे आहे. त्यात 'ई' हे अक्षर 'एन'सारखे दिसते, आणि 'यू'वर एक छोटी वळी असते ती नसेल तर तोही 'एन' वाटतो. आडनाव या तिन्हीतून चुकते. पण एक सोय आहे : त्या काळचे कारकून परके शब्द आणि पदनामे बहुधा लॅटिन वळणात लिहीत. त्यामुळे अख्खे पान अनोळखी रेघोट्यांचे असले तरी 'ऑडितोर' हा फ्रेंचमधून आलेला शब्द इतरांहून वेगळा उठून दिसतो. आधी तो शोधा, आणि त्याच्या शेजारचे आडनाव वाचा.